त्याच न्यायमूर्तींपुढे

"ताई, पुनर्विलोकनाचा अर्ज त्याच न्यायमूर्तींपुढे जातो. आपलाच निकाल चुकला असं कोण म्हणेल?" वकील दाभोळे वैतागले.

"पण निकालाआधी माझी एक आठवण त्यांना स्वतः भोगावीच लागेल ना?" कालिंदीने विचारलं.

"कायदाच आहे तसा."

"मग करा अर्ज."

कारखान्यातला बॉयलर फुटून तिची रेवती गेली होती आणि अपिलात कारखानदार सुटला होता. कालिंदीने आठवण दिली ती शवागारातली. चादरीबाहेर दोन पाय होते. आदल्या दिवशी आपणच लावून दिलेल्या नेलपॉलिशवरून तिने लेक ओळखली होती.

न्यायमूर्ती सरदेशपांड्यांनी दुसऱ्याची आठवण भोगायला लावणारा पट्टा डोक्याला चढवला. पुढच्या क्षणी भर कोर्टात त्यांनी हंबरडा फोडला, "माझी पोर गं!"

पट्टा उतरवून त्यांनी डोळे पुसले. "नवा मुद्दा नाही," ते कसेबसे म्हणाले. "अर्ज फेटाळला."

दाभोळ्यांनी मान खाली घातली. कालिंदी पदर खोचून उठली.

"यानंतरचा अर्जही यांच्याचपुढे येतो ना?"

"येतो. पण मिळणार काय त्यातून?"

"आज नुसते पाय दाखवलेत, वकीलसाहेब. चेहरा अजून दाखवलेला नाही."