उन्हाचं पाणी

खांद्यावर पंचा टाकून मधुकरराव बाथरूमच्या दारात उभे राहिले आणि घरातल्या तिन्ही माणसांनी हातातली कामं सोडली. एरवी त्यांच्या आंघोळीकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

"जा ना आता," सुचित्राबाई म्हणाल्या. "परवा हीटर बसवला. कालचा अख्खा दिवस ऊन खात पडलाय वर गच्चीत."

"जानेवारीचं ऊन ते. त्यात दम नसतो."

"काका, वर काटा साठ दाखवतोय," प्रसाद हळूच म्हणाला.

"तुझाच काटा. तो तुझ्यासारखाच आशावादी असणार."

 बँकेतली नोकरी सोडून प्रसादनं सोलरचे हीटर बसवायचा धंदा काढला होता, आणि त्याच दमात जाईला मागणी घातली होती. तेव्हा मधुकररावांनी गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाची वाटी धरून, चार पाहुण्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं, "ऊन विकणाऱ्याला मुलगी देणार नाही, असं मी म्हणत नाही. तुझ्या उन्हाचं गरम पाणी ज्या दिवशी माझ्या नळाला येईल, त्या दिवशी मुहूर्त काढू."

त्यांना वाटलं होतं, पोरगा नाद सोडेल. पोरानं काही नाद सोडला नाही. पण परदेशाहून यायची त्याची नवी पॅनेलं जी वाटेला लागली, ती वाटेतच राहिली. आधी जहाज कोलंबोला अडकलं. मग जासईच्या यार्डात कंटेनर येऊन पडला, तो उघडला तर आत दुसऱ्याच कुणाच्या शिलाई मशिनी. मग खरा कंटेनर आला, त्यात पॅनेलं होती आणि टाक्या नव्हत्या. वाशीपासून बेलापूरपर्यंतची गिऱ्हाइकं प्रसादच्या नावानं खडे फोडत होती. त्याच्या कमरेच्या पेजरवर शिव्या यायच्या. ऑपरेटर बाई त्या सभ्य करून पाठवायच्या, एवढंच.

एकट्या मधुकररावांनी त्याला कधी दुखवलं नाही. दर रविवारी तो उशिराची नवी बातमी घेऊन यायचा, आणि ते त्याला पोहे खायला घालून वर समजूत काढायचे, "अरे, समुद्र म्हटला की वेळ लागायचाच. तू टेन्शन घेऊ नकोस." असं समजूतदार गिऱ्हाईक अख्ख्या नवी मुंबईत दुसरं नव्हतं.

"बाबा," जाई म्हणाली, "मी बघू का नळ सोडून?"

मधुकरराव चटकन आत शिरले आणि त्यांनी कडी लावली.

नव्या नळावर लाल टिकली होती. त्यांनी तो सोडला, धारेखाली बोट धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"थंड आहे रे!"

"ते पाइपातलं आहे, काका. जरा वाहू द्या."

त्यांनी वाहू दिलं. पाणी कोमट झालं. मग ऊन झालं. मग असं काही कढत झालं की त्यांनी बोट तोंडात घातलं. चष्मा काढायला ते विसरले होते. त्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या.

"आलं का हो?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"थंडच आहे!"

"बाबा," जाई म्हणाली, "दाराखालून वाफ येतेय."

तिच्या आवाजात हसू होतं. हे हसू घरात कोणकोणत्या वेळी ऐकू येतं, ते मधुकररावांना पाठ होतं. सकाळी ते पेपर उलटा धरून वाचायचं सोंग करायचे तेव्हा. रात्री पंखा कुणी बंद करायचा, यावर भांडण व्हायचं तेव्हा.

"धुकं आहे ते!" ते आतून ओरडले.

 मग प्रसाद दाराजवळ आला.

"काका, मला वाटतं, व्हॉल्व्हमध्ये गडबड आहे."

"आहेच!"

"बदलायला लागेल. नवा मागवतो."

आतला नळ थोडा बारीक झाला.

"इथे मिळतो?"

"छे. जहाजानं येतो."

"मग... उशीर होईल?"

"माझा माल आहे, काका. तुम्हाला अनुभव आहेच."

जाईनं कुणाला तरी चापट मारल्याचा आवाज आला. मागोमाग प्रसादचं "अगं, थांब ना" ऐकू आलं.

मधुकरराव बादलीसमोरच्या स्टुलावर बसले. पंच्यानं त्यांनी चष्मा पुसला. तो पुन्हा पांढरा झाला. मग त्यांनी चष्मा काढूनच ठेवला. तरी समोरचं नीट दिसेना.

"प्रसाद," ते आतून म्हणाले, "वैशाखापर्यंत येईल ना रे तो व्हॉल्व्ह?"

बाहेर भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं सळसळली.

"वैशाखात बऱ्याच तारखा आहेत," सुचित्राबाई म्हणाल्या.

"बरं. मग तोवर थंडच घेतो मी."

आणि मधुकररावांनी कढत पाण्याचा पहिला तांब्या अंगावर ओतला. तोंडातून हूं की चूं केलं नाही.