बोंबील बाहेरच

आभाळ भरून आलं, तशी पाचूबंदरच्या कमळीने बांबूवर टांगलेल्या बोंबलांचा फोटो मासळीवाल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली व्हॉइस मेसेजमध्ये बोलून पाठवलं, "बायांनो, पानी पडंल काय? काढू का ठेवू?"

ग्रुपमधल्या रिचेलने फोटो तेवढा पाहिला, मेसेज ऐकलाच नाही. "कमळीमावशीचे बाहेर आहेत, म्हणजे पाऊस नाही," म्हणत तिने आपल्याही बोंबलांचा फोटो टाकला. मग बाकीच्यांनीही टाकले. एवढे फोटो बघून कमळी निर्धास्त झाली.

तासाभरात सगळ्यांचे बोंबील भिजले.

कमळीने ग्रुपवर पुन्हा कडाडून बोलून पाठवलं, "मी इचारलं तर एकीनंही ऐकलं नाय! आता बाजारात काय इकू, तुमची थोबाडं?"

लगेच सगळ्यांचे अंगठे आले. रिचेलने तर लिहिलं, "छान माहिती, मावशी."