माइक बंद ठेवून

पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरताना शाल्मलीने सवयीने डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला.

महामारीत सोसायटीचा भोंडला मोबाइलवर गेला आणि सोयीचा म्हणून तिथंच रमला. आपला आवाज जाडाभरडा, अशी खात्री असलेली शाल्मली दरवर्षी माइक बंद ठेवून बिनधास्त गायची. यंदा मात्र बऱ्याचजणी खाली पार्किंगमध्ये जमल्या होत्या, आणि इथं बंद करायला माइकच नव्हता!

बाकीच्या गप्प झाल्याचं कळलं तेव्हा ती थबकली, कान तापले.

"थांबलीस का गं? केवढा खणखणीत आवाज!" उज्ज्वलाकाकू म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसते ओठ हलवत होतीस?"

"नाही काकू, गात होते. माइक बंद ठेवून."

"शहाणीच आहेस! आता गाणी तूच सांगायची, नाहीतर खिरापत नाही."

शाल्मलीने ओढणी खोचली आणि असा सूर लावला, की चौथ्या मजल्यावरच्या बायकाही मोबाइल टाकून खाली धावल्या.