दीड दिवसाचा गणपती

"अगं, ती माझी कॅसिनोची चकती आहे!"

मी आंघोळ करून आलो, तर आरूबा बेटावरच्या आमच्या हॉटेलात, कॉफीच्या बशीतल्या तांदळावर माझी चकती गणपती होऊन बसली होती. डोक्यावर लाल जास्वंद.

"सुपारी विमानतळावर काढून घेतली ना त्यांनी," बायको म्हणाली. "आज चतुर्थी. आता प्राणप्रतिष्ठा झालीय, हात लावायचा नाही. उद्या समुद्रात विसर्जन."

मी जुगार खेळत नाही. कॅरिबियनच्या प्रत्येक बेटावर कॅसिनोत शिरतो आणि आठवण म्हणून एक चकती घेऊन बाहेर पडतो. ही तर बंद पडलेल्या कॅसिनोची, पुन्हा न मिळणारी. देवही मी मानत नाही. पण चकती वाचवायला वेळ हवा होता.

"दीडच दिवस कशाला? पाच दिवस ठेवू," मी म्हणालो. पाचव्या दिवशी अनंत चतुर्दशीचा हट्ट धरला. विमानाची तिकिटं बदलली. तिला संशय नको म्हणून दोन्ही वेळा आरती मीच म्हटली, नैवेद्याच्या नारळासाठी बेटभर हिंडलो.

शेवटी समुद्रावर जावंच लागलं. तिथे बायकोने बशी माझ्यापुढे धरली.

"अहो, तुम्ही देव मानत नाही ना? मग ही नुसती चकती. घ्या, टाका खिशात."

"देवासमोर काहीतरीच काय बोलतेस!" मी खेकसलो.

मग कमरेएवढ्या पाण्यात गेलो, तीनदा बुडवून मूठ उघडली आणि घसा फाटेपर्यंत ओरडलो, "पुढच्या वर्षी लवकर या!"