डिस्कोला कौल

“उजवी पाकळी पडली की देवीचा होकार. डावी पडली की नकार. मग स्पीकर कुठे ठेवशील?” क्षितिजाने जिन्यात उभ्याउभ्या विचारलं.

“उजवीकडे,” प्रितेश म्हणाला. प्रितेश वसईतल्याच गिरीज गावचा. बापाची केळीची वाडी होती, पण ह्याला पाटाच्या पाण्यापेक्षा वायरींचा नाद. सोसायटीच्या नवरात्राचा साउंड त्याच्याकडे होता. “आत्मारामकाकांचं गाऱ्हाणं संपलं की मी पडद्यामागून नुसता बास वाढवतो. चेकिंग म्हणून. खोका असा थरथरतो ना, पाकळी काय, नारळ पडेल.”

“नारळ नको. पाकळीच पाड.”

एवढा खटाटोप क्षितिजाच्या वडिलांमुळे. आत्माराम सोसायटीचे चेअरमन. मूळचे कुडाळकडचे, वसईत फ्लॅट घेऊन स्थिरावलेले. त्यांना जे जे आवडत नसे ते सगळं डिस्को. शेजाऱ्याचा गॉगल डिस्को, पोरीची बाही डिस्को, पोह्यांवर शेव घातली तरी, “हे काय डिस्को?” दोन वर्षांपूर्वी कुणीतरी डिस्को दांडियाचा विषय काढला, तेव्हा भर सभेत टेबलावर हात आपटून ते म्हणाले होते, “मी असेपर्यंत ह्या आवारात डिस्को होणार नाही. साक्षात देवीने सांगितलं तरच!”

झालं. तेव्हापासून सगळी तरुण मंडळी नटूनथटून शेजारच्या सोसायटीत नाचायला जाऊ लागली. इकडे देवीपुढे आरतीला आत्माराम, भटजी आणि दोनचार म्हाताऱ्या. आत्माराम एकटेच चार माणसांच्या टाळ्या वाजवत. बघून वाईट वाटायचं, पण शब्द मागे घेतील तर ते आत्माराम कसले? क्षितिजाची तर दोन्हीकडून पंचाईत. चेअरमनची मुलगी दुसऱ्याच्या आवारात नाचायला कशी जाणार? तिचा घागरा दोन वर्षं कपाटात घडी मोडायची वाट बघत होता.

शेवटी तिनेच बापाचा शब्द बापाच्या गळ्यात घातला. “बाबा, देवीने सांगितलं तरच, असं तुम्हीच म्हणालात ना? मग विचारा देवीला. कौल लावा.”

कोकणातला माणूस एक वेळ बायकोला नाही म्हणेल, कौलाला कसं म्हणणार? पहिल्या माळेच्या संध्याकाळी कौल लावायचा ठरलं. बातमी तळमजल्यावर पोचली तेव्हा तिथे राहणारी, मूळची सांडोर गावची क्लेमेंटीन धावतच क्षितिजाच्या आईकडे, जयवंतीकडे आली.

“देवीला कॉल लावणार म्हणे? कुठून, नाक्यावरच्या एसटीडीवरून?”

“कॉल नाही गं बाई, कौल!” जयवंती पदर तोंडाला लावून हसली.

संध्याकाळी मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत्माराम धोतर नेसून आले. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्यांनी देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. मग त्यांची नजर उजव्या हाताच्या स्पीकरवर गेली.

“हा खोका इथे कुणी ठेवला? समईला धक्का लागेल. उचल तो, त्या बाजूला ठेव.”

प्रितेशने क्षितिजाकडे पाहिलं. क्षितिजाने आढ्याकडे पाहिलं. चेअरमनचा हुकूम. खोका उचलला गेला आणि डाव्या हाताला जाऊन बसला.

आता बास वाढला की डावी पाकळी पडणार. डावी पडली की नकार, तोही देवीचा. त्यावर अपील नाही. क्षितिजा हातवारे करून ‘नको, नको’ सांगू लागली, पण प्रितेश केव्हाच पडद्यामागे गेला होता. त्याला शिकवलेली एकच गोष्ट तो चोख करणार होता.

आत्मारामांनी हात जोडले. “गे आई माऊली, आज ही तुझी लेकरां तुझ्याकडे कौल मागतत. ह्या आवारात डिस्को करूचो की नाय, ता आता तूच सांग!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती शेठ सगळ्यांत मोठ्याने.

आणि पडद्यामागून बास आला. धडाड् धड्, धडाड् धड्. समईची ज्योत हलली. ताम्हनातली पळी वाजली. स्पीकरच्या बाजूची पाकळी घसरली, देवीच्या हातावर क्षणभर अडकली आणि खाली पडली.

क्षितिजाने डोळे मिटून घेतले. गेला घागरा ह्याही वर्षी.

“उजवो! उजवो कौल झालो!” जयवंती ओरडली.

“आई, डावी पडली गं,” क्षितिजा रडवेली होऊन म्हणाली.

“अगो चेडवा, कौलाक देवीचो उजवो हात बघतत. तुझो न्हय!”

मग काय विचारता! शिट्ट्या झाल्या, क्लेमेंटीनने क्षितिजाला मिठी मारली. कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून आत्माराम म्हणाले, “देवीपुढे माझं काय चालणार? उद्यापासून डिस्को.”

गर्दी पांगली. प्रितेश खाली मान घालून वायरी गुंडाळत होता. आत्माराम त्याच्याजवळ आले. इकडेतिकडे कुणी नाही हे बघून त्याच्या कानाशी वाकले.

“आपल्या जिन्यात बोललेलं आमच्या बाथरूममध्ये ऐकू येतं रे. आणि उजवी म्हणजे देवीची उजवी! ऐन वेळी मी खोका हलवला नसता, तर तुम्ही पोरांनी माझा डिस्को बुडवला होता.”