गाढवांचं कडवं

सातवं कडवं संपलं. शेवटच्या तीन थापांसाठी मिल्कानं हात उचलला, तेवढ्यात तिर्सानं आठवं सुरू केलं.

नाचणाऱ्या बायकांची पावलं अडखळली. एफ्राइमच्या डोंगरातल्या त्या गावात लढाईहून परतणाऱ्या पुरुषांना बायका डफ घेऊन, नाचत सामोऱ्या जात. विजय परमेश्वराचा, म्हणून आधी त्याची स्तुती. डफावर तीन थापा पडून गाणं संपेपर्यंत कुणी कुणाला मिठी मारायची नाही आणि वाईट बातमी तर सांगायचीच नाही. कडवी सात. आठवं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

आठवं गाढवांचं निघालं. पाण्याच्या पखाली वाहून त्यांनीही परमेश्वराची सेवा केली, असं त्यात होतं.

"गाढवं?" ठेका न सोडता मिल्का पुटपुटली. "आता गाढवांचेही गोडवे गायचे का गं?"

तिर्सानं नववं घेतलं. ते विहिरीचं होतं.

आठ वर्षांपूर्वी तिर्साच्या शेळीनं मिल्काची द्राक्षवेल बुडख्यापर्यंत खाल्ली होती. तेव्हापासून दोघी गाण्यापुरत्याच एकत्र येत. गावात दुसरा असा गळा नव्हता आणि डफावर दुसरा असा हात नव्हता, त्यामुळे सगळ्यांचाच नाइलाज होता. पण आज डफ घेताना मिल्कानं आपणहून तोंड उघडलं होतं. तिचे डोळे अधू झाले होते आणि लढाईला गेलेला शोबाल तिचा एकुलता एक मुलगा.

"माझा दिसतो का गं?"

तिर्सानं बराच वेळ रस्त्याकडे बघितलं. "धूळ आहे," म्हणाली, आणि गाणं सुरू केलं.

आता पुरुष वेशीपाशी येऊन उभे होते. सगळ्यांत पुढे तिर्साचा एलोन, धडधाकट. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. पोरगा सुखरूप आला, बाईला आता धरबंद राहिला नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

"तुझा आला, कळलं अख्ख्या गावाला," मिल्का म्हणाली. "आता आम्हाला भेटू दे आमच्या पोरांना. चुलीवर मसूर करपतायत माझे."

दहावं वेशीच्या दरवाजाचं होतं. त्यात फारसं काही नव्हतं. तिर्साचा आवाज पार बसला होता.

एलोन पुढे आला. "आई, पुरे आता. मिल्कामावशीला सांगायला हवं."

"गाणं चाललंय," तिर्सा म्हणाली. पण अकरावं तिला सुचेना.

डफ थांबला. मिल्कानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग एलोनच्या मागे बघितलं, जिथं तिला नुसते धुरकट आकार दिसत होते. ती बराच वेळ बघत राहिली. त्या आकारांतून कुणी "आई" म्हणालं नाही.

बायकांचे पाय जागच्या जागी थांबले. तीन थापा तेवढ्या राहिल्या होत्या आणि त्या मिल्काच्या हातात होत्या.

मिल्कानं डफ पुन्हा छातीशी धरला.

"तिर्से," ती म्हणाली, "गाढवांचं परत घे." आणि तिनं ठेका धरला.