अमर बोलून राह्यलो

पोराला लोहारा एमआयडीसीतल्या कंपनीनं दारूपायी काढलं, तेव्हा भगवानरावांनी त्याला ऑनलाइन समुपदेशनाचा फोन लावून दिला. अमरनं तो बापाच्याच अंगावर भिरकावला. “तुमालेच हौस हाय न, तुमीच बोला!” तेव्हापासून दर रविवारी भगवानरावच “अमर बोलून राह्यलो” म्हणत आणि दारू, शिव्या, आईचा मोडलेला हात, सगळं स्वतःवर घेत. पल्याडच्या मॅडमना वाटे, दारूनं घसा बसलाय. आज त्या म्हणाल्या, “अमर, बाबांना जवळ बोलवा. त्यांची माफी मागा.” खाटेवर अमर ओकारीत गाल टेकून घोरत होता. “बाबा, चुकलो मी. माफ करा मले,” भगवानराव म्हणाले. “आता बाबांना फोन द्या.” त्यांनी फोन उजव्या कानावरून डाव्या कानाला लावला. “बाबा, केलंत ना माफ?” बायकोच्या प्लास्टरमधल्या हाताकडे पाहत भगवानराव पहिल्यांदाच स्वतःचं बोलले, “नाही.”